मार्गाक्काची जबानी

क्षमावाणीच्या दिवशी नांद्रेकरांच्या घरात भांडण झालं. साधंसुधं नव्हे. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत येऊन उभे राहिले, असं.

खरं तर हा दिवस भांडणं मिटवायचा. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस उपास-एकाशन करून झाले की लहानथोर सगळे एकमेकांसमोर हात जोडतात, ‘उत्तम क्षमा’ म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं असेल ते तिथंच सोडून देतात आणि मग खपली गव्हाची गोड खीर, हुग्गी, खायला बसतात. शाहूपुरीतल्या या घरात पार्श्वनाथअण्णांनी ही रीत कधी चुकू दिली नव्हती. धाकट्या पारसनं गुळाच्या पेढीवरून बापाशी सहा महिने अबोला धरला होता, त्या सालीही नाही.

पण त्या सकाळी साडेआठला, आदल्या दिवशीच्या विसर्जन मिरवणुकीचा गुलाल रस्त्यावर तसाच पडलेला असताना, छापखान्याचा टेम्पो दारात आला आणि पुस्तकांचे चार गठ्ठे पुढच्या सोप्यात येऊन पडले.

दीपा स्वयंपाकघरात होती. गहू शिजत आले होते. तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि बाहेर आली. नवरा अंघोळीला गेला होता, सासू-सासरे आणि पारस मंदिरात. बरंच झालं, तिला वाटलं. पहिली प्रत आपण एकटीनंच हातात घ्यावी. अकरा वर्षं वाट बघितली होती तिनं.

सुतळी कापून तिनं वरचं पुस्तक उचललं. ‘राइनकाठची राख’. खाली बारीक अक्षरात ‘फ्रेंच सैन्याची जर्मन राज्यांवरील मोहीम, १६८८-८९’. त्याच्या खाली ‘प्रा. जिनेश पार्श्वनाथ नांद्रेकर’. बस्स.

आत असेल, म्हणून तिनं पान उलटलं. आतही तेवढंच. मागच्या बाजूला जिनेशचा फोटो, कोट घातलेला. दहावीच्या निकालात नंबर शोधावा तसं ती एकेक पान बोटानं चाळत गेली आणि प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात तिला तिचं नाव सापडलं.

‘माझी सौभाग्यवती दीपा हिने अकरा वर्षे घरची आघाडी एकहाती सांभाळली, म्हणून मी या दूरच्या मोहिमेवर निश्चिंतपणे निघू शकलो.’

तिनं ते तीनदा वाचलं.

घरची आघाडी! आणि मोहिमेवर कोण गेलं होतं? जिनेशनं, की तिनं?

जिनेश इतिहासाचा प्राध्यापक. सोळाशे एकोणनव्वद साली इकडं रायगड पडला, आणि त्याच साली तिकडं युरोपात चौदाव्या लुईच्या सैन्यानं राइनकाठची जर्मन गावं ठरवून, यादी करून जाळली, हे त्याला कुठंतरी वाचायला मिळालं आणि तो पेटला. इंग्रजी पुस्तकं आणली. वर्षभरात इंग्रजी संपली. पुढचं सगळं जर्मन आणि फ्रेंच. दीपा तेव्हा शिरोलीतल्या एका फौंड्रीसाठी जर्मन पत्रं मराठीत आणायचं शिकत होती. या फौंड्रीतलं कास्टिंग स्टुटगार्टला जायचं आणि तिकडून तक्रारी यायच्या. ‘तू शिकतेच आहेस तर जरा बघ की,’ जिनेश म्हणाला होता. त्या ‘जरा’त तिची अकरा वर्षं गेली. छापील जर्मन आली. मग तीनशे वर्षांपूर्वीच्या हस्ताक्षरातले कागद आले. त्यातला ‘एन’ कुठला आणि ‘यू’ कुठला हे ओळखायलाच तिला दोन पावसाळे लागले. सेनापतींची पत्रं फ्रेंचमधून होती, म्हणून शब्दकोश पुढं ठेवून फ्रेंच. तीनशे चाळीस कागद तिनं मराठीत आणले. श्पायर गावावरची तिन्ही प्रकरणं तर तिच्याच हातची. जिनेशनं त्यात फक्त जागोजागी ‘तथापि’ घातलं होतं.

जिनेश डोकं पुसत बाहेर आला. तिच्या हातातलं पुस्तक बघून आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला.

“माझं नाव कुठं आहे?” दीपानं विचारलं.

“प्रस्तावनेत आहे की.”

“ते वाचलं मी. घर सांभाळणारीचं नाव आहे ते. भाषांतर करणारीचं कुठं आहे?”

“हे बघ दीपा, मी तुला सांगणारच होतो.” त्यानं टॉवेल खुर्चीवर टाकला. “पुढच्या महिन्यात प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. माझी शेवटची संधी. पुस्तकावर दोन नावं असली की समिती अर्धंच धरते. मग मी त्या कालच्या पोरांच्या मागं जाणार. दुसऱ्या आवृत्तीत तुझं नाव घालू. वर घालू, पाहिजे तर.”

“मराठीत या विषयाची दुसरी आवृत्ती निघते?”

जिनेशनं टॉवेल पुन्हा उचलला.

“तुम्ही मला विचारलंत का नाही?” तिचा आवाज चढला. “विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलं असतं. तुम्हाला ते माहीत होतं. तरी विचारलं नाहीत!”

“हळू बोल. सणाचा दिवस आहे.”

तेवढ्यात ऐश्वर्या जिन्यावरून खाली आली. बावीस वर्षांची लेक, पुण्यात चित्रकला शिकते. पुस्तकाचं मुखपृष्ठ तिनंच केलं होतं. दीपानं तिच्याकडं पाहिलं आणि तिनं नजर खाली घातली. त्या खाली गेलेल्या नजरेनं दीपाला सगळं सांगून टाकलं.

“तुला माहीत होतं,” दीपा म्हणाली.

“पप्पा म्हणाले, मी सांगतो आईला.”

“कधीची गोष्ट?”

“जूनमधली.”

जून, जुलै, ऑगस्ट. तीन महिने रोज संध्याकाळी फोनवर लेक विचारत होती, ‘आई, जेवलीस का?’ दीपाला नवऱ्याचा राग आला होता, तो तापलेल्या तव्यासारखा होता. लेकीवरचा हा राग वेगळाच होता.

ती आत गेली आणि उतू चाललेली हुग्गी तिनं गॅसवरून उतरवली.

*

अकराला सगळे सोप्यात जमले. पार्श्वनाथअण्णा भिंतीला टेकून, पांढऱ्या धोतरात. त्यांच्या शेजारी दीपाच्या सासूबाई अक्काताई, दहा दिवस एकवेळ जेवून आणखीच बारीक झालेल्या. पारस कोऱ्या शर्टात. त्याच्या हातात एक पुस्तक होतं आणि तो दर दोन मिनिटांनी मुखपृष्ठावर हात फिरवत होता.

“उद्या सगळा बाजार येणार हाय प्रकाशनाला,” तो म्हणाला. “मी गुळाच्या समद्या व्यापाऱ्यास्नी निमंत्रण दिलंय. नांद्रेकरांचं नाव पुस्तकावर! गुळाच्या रव्यावर, ढेपेवर बघायची सवय लोकांस्नी.”

अण्णांनी हात जोडले. सुरुवात नेहमी त्यांच्यापासून व्हायची. मग अक्काताई, मग पारस. मग जिनेश उठला, आईबापाच्या पाया पडला आणि दीपासमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांच्या देखत त्यानं हात जोडले.

“उत्तम क्षमा.”

दीपानं हात मांडीवरच ठेवले.

“कशाबद्दल?” तिनं विचारलं.

अण्णांनी मान वर केली.

“असं विचारत न्हाईत गं पोरी,” अण्णा म्हणाले. “आज नुसतं म्हणायचं. मन मोकळं करायचं.”

“मामा,” ती सासऱ्यांना म्हणाली, “त्यांचं मोकळं झालं असेल. माझं नाही झालं. कशाबद्दल क्षमा मागताय ते सांगा, मग मी बघते करायची की नाही.”

“काय झालं काय?” पारस मध्ये पडला.

“अकरा वर्षं काम मी केलं आणि तुझ्या दादांनी एकट्याचं नाव छापलं. झालं एवढंच.”

पारसनं पुस्तकाकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि हसला. तो हसला नसता तर पुढचं कदाचित एवढं वाढलं नसतं.

“वहिनी, येवढंच व्हय? अवो नाव कुणाचं का असंना, नांद्रेकरांचंच हाय की! घरातल्या घरात काय वाटण्या करायच्या?”

“घरातल्या घरात?” दीपा उठून उभी राहिली. “पेढीवर अण्णांच्या नावाशेजारी तुझं नाव घाला म्हणून सहा महिने कोण बोलत नव्हतं? तेव्हा नव्हतं नांद्रेकरांचं नाव एकच?”

पारसचं तोंड लालबुंद झालं. “ते वेगळं! पेढीवर मी रोज बसतो.”

“आणि मी कुठं बसत होते? रोज दुपारी त्या टेबलाशी कोण बसत होतं? स्वयंपाक आटोपून, फौंड्रीची पत्रं आटोपून!”

“आवाज खाली!” जिनेश ओरडला. “नुसती भाषांतरं केलीस म्हणजे पुस्तक होत नाही. विषय माझा, मांडणी माझी, कल्पना माझी! तू शब्द दिलेस, शब्द!”

गल्लीतून जाणारी एक रिक्षा हळू झाली. समोरच्या गॅलरीत कुणीतरी आलं. अण्णा दोन्ही हात वर करून ‘अरे अरे’ म्हणत राहिले. त्यांचं कुणी ऐकेना. दीपानं तोंड उघडलं, पण बोलल्या अक्काताई.

“ऐशू, जरा मला मार्गाक्काचं वाचून दाखीव.”

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

“कोण मार्गाक्का?” अण्णांनी विचारलं.

“श्पायरची बाई ती. पिंपं करणाऱ्याची विधवा.” अक्काताईंनी ‘श्पायर’ असा काही सहज उच्चारला, जणू ते गाव कागलच्या पुढंच असावं. “दीपा मला दुपारचं वाचून दाखवायची की. डोळ्याचं आपरेशन झालं तवापासनं. मी डाळ-तांदूळ निवडायची आन ती वाचायची. मार्गारेटा तिचं नाव. मी मार्गाक्का म्हंते.”

दीपाला हे माहीत होतं, बाकी कुणालाच नव्हतं. मराठी वाक्य बरं झालंय का, हे तिनं कायम सासूवर तपासलं होतं. जिथं अक्काताईंनी ‘आँ?’ केलं, तिथं वाक्य बदलायचं, हा तिचा नियम होता.

“फ्रेंच सरदारानं दवंडी पिटवली,” अक्काताई अण्णांना सांगायला लागल्या. “सहा दिवसांत गाव खाली करा म्हणून. ज्यास्नी सामान न्ह्याला गाडी न्हाई, त्यांनी मोठ्या देवळात आणून ठेवा, देवळाला आमी हात लावणार न्हाई. लोकांनी कपाटं, गाद्या, समदं देवळात रचलं. आन मग गाव पेटवलं, तर देऊळबी पेटलं. मार्गाक्काचं कपाट त्यातच गेलं. पुढं कैक वर्षांनी दुसऱ्या गावात तिची जबानी घेतली. वाच गं ऐशू. बघू छापलंय कसं.”

ऐश्वर्यानं चाचरत पुस्तक उघडलं. दोनशे चौदावं पान. ती वाचायला लागली. दोन बिछाने, एक परात, एक कपाट, सात कोंबड्या. सहा दिवसांत कोण भेटलं, कुणी हातगाडी दिली. अक्काताई मान डोलवत होत्या. दीपाही ऐकत होती. आपलंच वाक्य लेकीच्या तोंडून येतंय हे तिला रागातही कुठंतरी बरं वाटत होतं.

“‘गावाला आग लागली तेव्हा तू काय पाहिलंस, असे विचारले असता ती विधवा ताठ उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही माझे घर जाळलेत, पण माझी माती तुम्हाला जाळता येणार नाही!’”

“थांब,” अक्काताई म्हणाल्या.

“काय झालं आज्जी?”

“ही बाई असं बोलली न्हाई.”

दीपानं पुढं होऊन लेकीच्या हातून पुस्तक घेतलं. ती ओळ तिथं होती. अवतरणचिन्हात. खाली कागदाचा क्रमांकही होता, तिनंच दिलेला.

“ती म्हणाली, मी काय बघितलं न्हाई,” अक्काताई सांगत होत्या. त्यांना पाठ होतं. “मी गाडी ओढत होती, रस्ता चढाचा होता, आन मागं बघितलं असतं तर गाडी घसरली असती. बस्स, येवढंच म्हणाली ती. मला रडू आलं होतं ऐकून. हे मातीचं कुठनं आलं?”

दीपानं नवऱ्याकडं पाहिलं. “हे तुम्ही घातलंत?”

“ते...” जिनेश म्हणाला. “वाचकाला काहीतरी लागतं गं. ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणून प्रकरण संपवायचं? सगळं सपाट! भावार्थ तोच आहे.”

“भावार्थ? तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या तोंडात तुम्ही स्वतःचं भाषण घातलंत, आणि खाली माझ्या कागदाचा नंबर दिलात!”

“निमंत्रणपत्रिकेवर तेच वाक्य हाय,” पारस हळूच म्हणाला. त्यानं खिशातून पत्रिका काढली. खरंच, सोनेरी अक्षरांत ते वाक्य छापलेलं होतं. “गेल्या रविवारी पेपरातबी आलतं.” पत्रिका आणि पेपर दोन्ही दीपाला कुणी दाखवले नव्हते.

दीपाचा मघाचा राग नावाचा होता. तो मोठा होता, पण त्याला एक शेवट होता. नाव मिळालं की तो शमला असता. हा शमणारा नव्हता. अकरा वर्षं तिनं एकेक शब्द तोलून ठेवला होता. हस्ताक्षर नीट लागलं नाही तर त्या जागी टिंबं दिली होती, अंदाज कधी लिहिला नव्हता. आणि या माणसानं, शब्दांत काय आहे म्हणणाऱ्यानं, टाळ्यांसाठी एक बाई बदलून टाकली होती.

प्रकरण हाताबाहेर चाललंय हे अण्णांनी जाणलं असावं. व्यापारात आयुष्य गेलेला माणूस. ते घाईनं म्हणाले, “जिनू, ऐक माझं. छापखान्यात जा. तिच्या नावाची पट्टी छापून घे, समद्या पुस्तकांवर चिकटवून टाक. उद्याच्या आत व्हतंय. मुलाखतीचं काय व्हायचं ते होईल.”

जिनेशनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग खांदे टाकले. “ठीक आहे. तुझं नाव घालतो. माझ्या शेजारी, त्याच अक्षरात. झालं?”

“आणि ती ओळ?”

“ओळ आता कशी काढायची? पेपरात आलीय, पत्रिकेवर आहे! काढली तर सगळे विचारतील. उद्या बेहेरेबाई येणार आहेत पुण्याहून, त्यांच्या भाषणातही ती असणार. मी काय सांगू, खोटी होती म्हणून? नाव घे आणि ओळ राहू दे. कुणाला कळणार आहे? तो कागद वाचू शकणारं माणूस कोल्हापुरात आहे कोण?”

“मी आहे!” दीपा कडाडली. “मी आहे ना!”

“वहिनी, दादा तुमचं ऐकालाय की,” पारस म्हणाला. “नाव घ्या आन मिटवा.”

“नको मला नाव. त्या ओळीवर माझं नाव नको. पट्टी बिट्टी काही चिकटवायची नाही.”

“आई, प्लीज,” ऐश्वर्या रडायला लागली. “तुला नाव पाहिजे होतं ना? मिळतंय ना आता?”

“तू गप्प बस. तू जूनमध्ये बोलायचं होतंस.”

पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. दीपाला वाईट वाटलं, पण थांबावंसं वाटलं नाही. तिनं पारसच्या हातातली पत्रिका घेतली. प्रमुख पाहुण्या डॉ. बेहेरे, युरोपच्या इतिहासाच्या जाणकार, वय ऐंशीच्या घरात. त्यांना आणायला स्टेशनवर जायचं म्हणून पारसनं त्यांचा नंबर पत्रिकेवरच पेननं लिहून ठेवला होता. तिनं स्वतःचा फोन उचलला.

“काय करतेस?” जिनेश पुढं आला. “दीपा, फोन ठेव. दीपा!”

“हात लावू नका.” तिनं ते इतक्या थंडपणानं म्हटलं की जिनेशचा हात हवेतच राहिला. पारस उठला, तशा अक्काताई त्याच्या आड आल्या. नुसत्या उभ्या राहिल्या, हाडाची काडं झालेली म्हातारी, आणि तो आडदांड गडी मागं सरकला.

फोन उचलला गेला.

“नमस्कार. मी कोल्हापूरहून दीपा नांद्रेकर बोलते.”

“जिनेशच्या मिसेस का?”

“मी पुस्तकातल्या कागदांची भाषांतरकार,” दीपा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं हा शब्द स्वतःसाठी वापरला होता. “दोनशे चौदाव्या पानावर श्पायरच्या विधवेच्या तोंडी एक वाक्य आहे. पत्रिकेवर छापलंय ते. ते मूळ कागदात नाही.”

पलीकडून प्रश्न आला. “मूळ तुमच्याजवळ आहे?”

“आहे.”

“वाचा.”

तिला कागद शोधावा लागला नाही. तिनं डोळे मिटले आणि ती म्हणत गेली. ती जुनी, खडबडीत, गावाकडची जर्मन. कचेरीतल्या कुण्या कारकुनानं एका म्हातारीच्या तोंडून ऐकून जशीच्या तशी उतरवलेली. जिनेशनं बायकोच्या तोंडून ती भाषा एवढी सलग कधीच ऐकली नव्हती. तो तिच्याकडं बघत राहिला, बाजारात अनोळखी माणसाकडं बघावं तसा. मग तिनं मराठी सांगितलं. सासूनं सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं.

“हं,” बेहेरेबाई म्हणाल्या. “मला ते वाक्य वाचून शंका आलीच होती. पण मी विचारलं नाही, ही माझी चूक. नांद्रेकरांना सांगा, उद्या मी येत नाही. अशा पुस्तकाला मी हात लावणार नाही.”

फोन बंद झाला.

जिनेश खाली बसला. गठ्ठ्यावरच बसला, पुस्तकांच्या. “मला संपवलंस तू,” तो म्हणाला. “सगळ्या गावात. का? एका ओळीसाठी?”

आपण जिंकलो असं दीपाला मुळीच वाटत नव्हतं. याच माणसानं अकरा वर्षांपूर्वी भर पावसात तिला स्कूटरवरून क्लासला नेलं होतं, आठवड्यातून तीनदा, आणि बाहेर दुकानाच्या पत्र्याखाली तिची वाट बघत उभा राहिला होता. तेवढ्या एका गोष्टीवर तिनं एवढी वर्षं काढली होती. तेही आता तिला आठवायला नको होतं.

पारस तणतणत बाहेर पडला. “व्यापाऱ्यास्नी आता काय सांगू? घरातल्या बायकांनी कार्यक्रम मोडला म्हणून?” दार असं आपटलं की गॅलरीतली माणसं आत गेली. अण्णा उठून देवघरात जाऊन बसले.

अक्काताईंनी दीपाचा दंड धरून तिला आत नेलं, पाटावर बसवलं आणि समोर स्वतः बसल्या.

“अकरा वर्सं मी ऐकत हुती,” त्या म्हणाल्या. रागातसुद्धा त्यांचा आवाज बारीकच होता, पण राग होता, आणि तो कुणावर हे दीपाला लगेच कळलं नाही. “समदं ऐकलं. तू अडलीस, परत वाचलंस, पानं फाडलीस, ते डोळ्यानं बघितलं. आन मंदिरात कुणी विचारलं की मी काय सांगायची? माझा जिनू पुस्तक लिवतोय. एकदाबी तुझं नाव तोंडात आलं न्हाई माझ्या. त्यानं छापलं न्हाई, मी बोलली न्हाई. काय फरक हाय?”

“आत्ती, तुम्ही...”

“गप. मला बोलू दे.” पण बोलायच्या ऐवजी त्यांनी हुग्गीची वाटी भरली, तूप घातलं आणि सुनेच्या हातात दिली. दहा दिवसांच्या एकाशनानंतर हुग्गीचा पहिला घास खुद्द त्यांचा असायचा, तो त्यांनी आधी तिला घ्यायला लावला.

*

जिनेश दुपारी स्कूटर घेऊन गेला, तो साडेपाचला परतला. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून दीपा पानं मांडत होती. ऐश्वर्या मुकाट्यानं पाणी भरत होती. आईला तिनं दोनदा काहीतरी विचारायचा प्रयत्न केला होता, आणि दीपानं दोनदा ‘नंतर’ म्हटलं होतं.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

“सभागृहाला सांगून आलो,” तो म्हणाला. “उद्याचं रद्द. छापखान्यातही जाऊन आलो. ते पान कापून नवीन चिकटवता येतं म्हणतात.”

दीपा पोळ्या मोजून ठेवत होती.

“पेपरवाल्यांनाही खुलासा पाठवतो. आणखी काय करू?” त्याच्या आवाजात अजून राग होता. पण तो थकलेला होता, धरून ठेवायला बळ न उरलेला. “ते मूळ वाक्य काय आहे, तेवढं लिहून दे मला.”

लिहून दे. हे शब्द तिच्या कानाला इतके सवयीचे होते की एक क्षण तिचा हात खरंच पेनाकडं गेला. अकरा वर्षं तो दारात याच जागी उभा राहून हेच म्हणत आला होता, ‘दीपा, तेवढं लिहून दे.’ आणि ती देत आली होती. तिनं हात मागं घेतला.

“नाही देणार.”

“म्हणजे? मग पान छापायचं कसं?”

“तो कागद तुमच्या कपाटात आहे. स्वतः वाचा. ती काय म्हणाली ते तुम्ही मला येऊन सांगा. बरोबर असलं तर छापा.”

“मला जर्मन येत नाही दीपा, तुला माहीत आहे.”

“शिका.”

“मी बावन्न वर्षांचा आहे.”

“मी सदतीस वर्षांची होते. घर होतं, शाळेतली पोर होती, सासू-सासरे होते, फौंड्रीची कामं होती. माझी आघाडी कोण सांभाळत होतं?”

ऐश्वर्याच्या हातातलं भांडं वाजलं. आतून अण्णांनी खाकरून आपण ऐकतो आहोत हे कळवलं. जिनेश दाराच्या चौकटीला टेकला. तो आता ओरडेल, असं दीपाला वाटलं आणि ती त्यासाठी तयार झाली. पण तो ओरडला नाही. नुसता चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिला.

“किती दिवस लागतील?” त्यानं विचारलं.

“मला तीन वर्षं लागली,” दीपा म्हणाली आणि त्याच्याकडं जेवणाचं पान सरकवलं. “तुम्हाला जास्त लागतील.”